एक गोष्ट, एकच जागा

आज गटाच्या वहीबद्दल बोलू. पंचसूत्रीतली बैठक, बचत, कर्ज आणि परतफेड ही चार सूत्रं आपण हौसेनं पाळतो. पाचवं, हिशेब लेखनाचं, मात्र गटातल्या एखाद्या शिकलेल्या सुनेच्या गळ्यात घालतो. आता बऱ्याच गटांचे हिशेब संगणकावर चढताहेत. वहीतला घोळ संगणकात गेला म्हणून निस्तरत नाही. उलट छापून आलेला दिसतो, म्हणून खरा वाटतो.

पुष्कळ ठिकाणी एकच लांबरुंद तक्ता असतो. तारीख, नाव, फोन, बँक, शाखा, आयएफएससी कोड, बचत, कर्ज, हप्ता, सगळं एका ओळीत. दर महिन्याला तेच नाव, तोच फोन, तोच कोड पुन्हा लिहायचा. हात दुखतो ते एक वेळ सोडा. देना बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. पुढे तिच्या शाखांचे कोड बदलले आणि जुने कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले. समजा, गटात पंधरा जणी आहेत आणि प्रत्येकीच्या दर महिन्याच्या ओळीत जुना कोड आहे. किती जागी खोडणार? चार जागा नजरेतून सुटल्या, की एकाच बाईचे दोन कोड झाले. पैसे पाठवायला बसलेल्या सचिवताईंनी खरा कोणता मानायचा?

हा त्रास मोठमोठ्या कंपन्यांनाही होता. एडगर कॉड हा इंग्लंडमध्ये जन्मलेला गणिताचा माणूस अमेरिकेत आयबीएम कंपनीत काम करत होता. 1970 साली त्यानं माहिती साध्या तक्त्यांत कशी मांडावी यावर एक लेख लिहिला. तक्ते नीट विभागण्याच्या त्या रीतीला नॉर्मलायझेशन म्हणतात. नाव जड आहे, पण रीत कुणालाही जमेल अशी आहे.

एका चौकटीत एकच गोष्ट लिहायची. कर्जाच्या चौकटीत “शेळीला पाच हजार, शिलाई मशीनला तीन हजार” असं कोंबलं, तर बेरीज कशाची करणार? दोन कर्जं म्हणजे दोन ओळी.

मग ज्याची माहिती त्याच्याच तक्त्यात ठेवायची. एका तक्त्यात फक्त सदस्य: क्रमांक, नाव, फोन, खातं आणि शाखा. कोड बाईचा नसतो, शाखेचा असतो; म्हणून शाखांचा तक्ता वेगळा. कोड बदलला तर एकाच जागी खोडायचा. कर्जाचा तक्ता निराळा, बचतीचा आणि हप्त्यांचाही निराळा. त्यांत नावगाव नको, सदस्य क्रमांक पुरे. गटात दोन सुनीता पवार असल्या, तरी एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर चढत नाही. एकीनं दोन कर्जं घेतली असतील, तर हप्त्यापुढे कर्ज क्रमांकही हवा. नाहीतर कोणतं कर्ज फिटलं, यावर वाद ठरलेला.

आणखी एक फायदा. नवी बाई गटात आली, पण अजून तिनं बचत भरलेली नाही, तर एकाच तक्त्यात तिला लिहायचं कुठे? आणि फिटलेल्या कर्जाची ओळ काढून टाकली, तर त्या बाईचा फोन आणि खातंही ओळीबरोबर जायचं. सदस्यांचा तक्ता वेगळा असला, की दोन्ही अडचणी सुटतात.

पण प्रत्येक पुनरुक्ती वाईट नसते. गटानं व्याज महिना दोन रुपये शेकड्यावरून दीडवर आणलं, तरी जुन्या कर्जाला ठरलेला दर ठराव होईपर्यंत तोच राहतो. म्हणून दर त्या-त्या कर्जाच्या ओळीत लिहायलाच हवा. ती त्या दिवसाची बोली आहे. सदस्याच्या पासबुकात तीच रक्कम दुसऱ्यांदा लिहितो, तेही मुद्दामच. ती बाईच्या हातातली साक्ष आहे. माझ्या मते कागदी वहीत दर महिन्याची शिल्लकही लिहावी, दरवेळी पहिल्यापासून बेरीज कोण करणार? संगणकात मात्र शिल्लक हातानं भरू नये, नोंदींवरून त्यालाच काढू द्यावी.

नवे तक्ते आखाल तेव्हा जुनी वही फाडू नका. सगळ्यांसमोर, बैठकीतच, प्रत्येकीला क्रमांक द्या. आणि कुणी गट सोडून गेली, तर तिचा क्रमांक नव्या बाईला देऊ नका. नाहीतर जुन्या बाईचं कर्ज नवीच्या माथी बसेल.