कापडावरची खूण आणि सम्यक आजीविका

(वर्षावास समारोपाच्या दिवशी शिवणवर्गातील भगिनी व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



अशा कार्यक्रमात आपण नेहमी मोठ्या विषयांवर बोलतो. आज मात्र आम्ही चाळीस सदऱ्यांविषयी बोलणार आहोत. ते सदरे संस्थेच्या कपाटात एका खोक्यात बांधून ठेवलेले आहेत. ते विकले गेले नाहीत आणि विकले जाणारही नाहीत. ते शिवण्यासाठी आपल्या भगिनींनी रात्री जागून काढल्या होत्या. म्हणून ते तसेच का पडून राहिले, याचा हिशेब आपल्यासमोर मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपला भंडारा जिल्हा जसा धानाचा आणि तलावांचा, तसाच तो विणकरांचाही आहे. आंधळगाव, मोहाडी, पवनी या गावांच्या कोशाच्या कापडाला आणि करवतकाठी साडीला दूरवर नाव आहे. आपल्या समाजातही जाडेभरडे सुती कापड विणणारी घरे पुष्कळ होती. १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात आले आणि घरातले माग एकामागून एक बंद पडले. ज्यांच्या आज्यांच्या हाती माग होता त्यांच्या नातींच्या हाती पुन्हा सुई-दोरा आणि चार पैसे यावेत, या हेतूने आपला शिवणवर्ग सुरू झाला.

जिल्ह्यातून नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या आपल्याच एका तरुणाने या वर्गाला काम मिळवून दिले. तिकडच्या मित्रमंडळींसाठी त्याला धम्मचक्र आणि बोधिवृक्षाची पाने छापलेले सदरे हवे होते. कामाला उत्साहाने सुरुवात झाली. नक्षी ठरवताना आमच्यापैकीच कोणीतरी सुचविले की चक्राच्या चारी बाजूंना स्वस्तिक घालावे. जुन्नर, कार्ले येथील लेण्यांतील शिलालेखांजवळ हे चिन्ह कोरलेले आहे, जपानमध्ये आजही नकाशावर बुद्धविहार याच खुणेने दाखवितात, तेव्हा ते आपलेच मंगल चिन्ह आहे, असा विचार त्यामागे होता. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. चाळीस सदरे छापून झाल्यावर नमुन्याचे छायाचित्र त्या तरुणाला पाठविले. त्याचे उत्तर त्याच रात्री आले. त्याने कळविले, ‘दादा, हे सदरे पाठवू नका. इथे हे घालून कोणी रस्त्यावर गेला तर पोलीस धरतील, आणि पोलिसांनी सोडले तरी शेजारीण माझ्याशी पुन्हा बोलणार नाही.’

या उत्तरावर कार्यकारिणीच्या बैठकीत बराच वाद झाला. काहींचे म्हणणे असे होते की, चिन्ह आपले दोन हजार वर्षांचे आहे. हिटलरने ते पळविले, तर चोरीची शिक्षा आपण का भोगावी? उलट ते छातीवर मिरवून जगाला खरे काय ते सांगावे. हा युक्तिवाद पोकळ नाही. लेण्यातील स्वस्तिकाचा आणि नाझी पक्षाचा काहीही संबंध नाही, हे सत्यच आहे. पण बंधूंनो, लेण्याच्या भिंतीला तिची जागा असते, शेजारी शिलालेख असतो, समजावून सांगणारा कोणी असतो. सदरा एकटाच फिरतो. तो आगगाडीत बसतो, बाजारात जातो, आणि समोरून येणाऱ्या म्हातारीला खुलासा देत थांबत नाही. त्या म्हातारीची आई ज्यांनी छळछावणीत नेली त्यांच्या दंडावर हीच खूण होती. तिने आपला इतिहास वाचून मग घाबरावे, अशी अपेक्षा आपण कशी धरणार?

तिथला कायदाही आपण पाहिला पाहिजे. जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम ८६-अ प्रमाणे नाझी संघटनांची चिन्हे जाहीरपणे वापरणे वा विकणे हा गुन्हा आहे. कला, शिक्षण, संशोधन यांसाठी त्यात सूट ठेवलेली आहे. हा कायदा किती बारकाईने तपासला जातो याचे एक उदाहरण सांगतो. तिथल्या एका विक्रेत्याने नाझीविरोधी तरुणांसाठी स्वस्तिकावर फुली मारलेल्या चित्रांचा माल विकायला ठेवला. हेतू उघड नाझीविरोधी होता, तरीही २००६ साली खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. मार्च २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण पाहताक्षणी विरोध कळतो अशी खूण गुन्हा ठरत नाही. आता आपण स्वतःला विचारावे की, आपल्या सदऱ्याकडे पाहताक्षणी काय कळले असते?

ही चूक आपल्याच हातून झाली असे मात्र नाही. २००७ साली झारा या मोठ्या कंपनीच्या एका हातपिशवीवर फुलांच्या नक्षीसोबत स्वस्तिके निघाली. ती पिशवी भारतातील पुरवठादाराकडून आली होती. गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि कंपनीला माल दुकानांतून काढावा लागला. त्याच कंपनीने २०१४ साली लहान मुलांचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा काढला, त्याच्या छातीवर पिवळा तारा होता. नक्षी काढणाऱ्याच्या मनात अमेरिकन चित्रपटातला पोलीस अधिकारी होता. पण सप्टेंबर १९४१ मध्ये नाझींनी जर्मनीतील सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू माणसाला कपड्यावर पिवळा तारा शिवायला लावला होता आणि छावण्यांतील कैद्यांचे कपडे पट्ट्यांचे होते. लोकांनी ते ओळखले आणि तो सदराही मागे घ्यावा लागला. दोन्ही ठिकाणी द्वेष नव्हता. कोणी विचारले नाही, एवढाच दोष होता.

आता आपल्या देशाकडे पाहू. २००६ साली नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचे उपाहारगृह उघडले आणि ज्यू बांधवांनी निषेध केल्यावर काही दिवसांतच त्याचे नाव बदलले. २०१२ साली अहमदाबादला पुरुषांच्या कपड्यांचे दुकान निघाले, त्याचे नाव ‘हिटलर’, आणि पाटीवर स्वस्तिक. भागीदाराचे आजोबा कडक स्वभावाचे होते, त्यांना घरात त्या नावाने हाक मारीत, असे मालकाचे सांगणे होते. आपल्याकडेही कडक मास्तरला मुले हिटलर म्हणतात आणि हसतात. शिस्त म्हणजे हिटलर, एवढेच आपल्याला ठाऊक. साठ लाख ज्यू माणसे मारली गेली, हे आपण परीक्षेपुरते वाचतो.

हे दुसऱ्यांचे दुःख आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. तर ते इतके परकेही नाही. कोकणातील बेने इस्रायल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यातील पुष्कळ जण १९४८ नंतर इस्रायलला गेले आणि तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. आपला सदरा पाहून दचकणारी म्हातारी मराठी बोलणारीही असू शकते.

आणि बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून तर आपल्याला हे परके मानताच येत नाही. ज्या वर्षी तिकडे पिवळा तारा शिवला गेला त्याच वर्षी, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. नाझींच्या विरुद्धच्या त्या युद्धाला बाबासाहेबांचा पाठिंबा होता. नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यता पाळणारा सनातनीपणा हे एकाच जातीचे विष आहे, हे त्यांनी आपल्या लिखाणातून स्पष्टपणे मांडले आहे.

भगिनींनो, अंगावरच्या खुणेने माणसाला हिणविता येते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? पेशवाईत आपल्या पूर्वजांना ओळखीसाठी काळा दोरा बांधावा लागे, गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, याची नोंद बाबासाहेबांनी करून ठेवली आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्य म्हणून ओळख पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून द्या. त्या सभेनंतर बायकांनी लुगडी वेगळ्या रीतीने नेसली. बाबासाहेबांचा कोट काय आणि १९५६ च्या दीक्षेच्या दिवशीची पांढरी वस्त्रे काय, आपल्या चळवळीत कापड नुसते अंग झाकण्यापुरते कधीच नव्हते. ज्यांच्या अंगावर जबरदस्तीने खूण बांधली गेली त्यांनीच दुसऱ्याच्या अंगावर बांधलेल्या खुणेविषयी बेफिकीर असावे, हे शोभत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. आपल्या श्रद्धेची खूण परक्याने भलत्या जागी छापली तर आपण काय करावे? २००४ साली एका अमेरिकन कंपनीने बुद्धप्रतिमा असलेला पोहण्याचा पोशाख विकायला आणला, तेव्हा जगभरच्या बौद्धांनी निषेध केला आणि तो मागे घेतला गेला. निषेध रास्त होता. पण सगळीकडे असे शांतपणे घडले नाही. म्यानमारमध्ये २०१५ साली, मद्यालयाच्या जाहिरातीत बुद्धाच्या कानांवर यंत्र लावलेले चित्र वापरले म्हणून तिघांना अडीच वर्षांची सक्तमजुरी झाली. श्रीलंकेत २०१४ साली दंडावर बुद्धाचे चित्र गोंदलेल्या ब्रिटिश पर्यटक स्त्रीला अटक करून देशाबाहेर पाठविले. ती स्वतः बुद्धाला मानणारी होती आणि २०१७ साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला नुकसानभरपाई देवविली. आणि मे २०१९ मध्ये, ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनंतरच्या संतापाच्या दिवसांत, एका गरीब मुस्लिम स्त्रीला अटक झाली. तिच्या झग्यावर धम्मचक्र छापले आहे असा आरोप होता. प्रत्यक्षात ते जहाजाच्या सुकाणूचे चाक होते. तिला कोठडीत ठेवले गेले.

हे ऐकून बौद्ध म्हणून आपली मान खाली जायला हवी. ब्रह्मजाल सुत्तात भगवंतांनी भिक्षूंना शिकविले आहे की, कोणी बुद्धाची, धम्माची वा संघाची निंदा केली तरी रागावू नये. त्यात खोटे काय ते शांतपणे दाखवून द्यावे. रागावलेल्या माणसाला खरेखोटे कळत नाही. सुकाणूचे चाक आणि धम्मचक्र यांतला फरक रागाच्या भरात कोणाला दिसला नाही, हे त्याचेच उदाहरण होय.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. विकणाऱ्याने आधी विचारावे आणि दुखावलेल्याने आधी समजावून सांगावे. भगवंतांनी उपासकांसाठी शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष असे पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. कापडाचा व्यापार त्यांत नाही. पण ज्या मालाने दुसऱ्याच्या मनात भय निर्माण होते, त्याची सम्यक आजीविकेच्या कसोटीवर तपासणी व्हायलाच हवी.

यापुढे शिवणवर्गात कोणतीही नक्षी छापण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहिल्या जातील. पहिली, माल जिथे जाणार तिथे राहणाऱ्या निदान दोन माणसांना नमुना दाखविला जाईल, आणि त्यांतला एक आपल्या समाजाबाहेरचा असेल. दुसरी, त्या देशाचा कायदा विचारला जाईल. आपल्याकडेही कायदा आहेच. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्याप्रमाणे कमरेखालच्या वस्त्रावर, उशीवर वा रुमालावर तिरंगा छापता येत नाही, आणि २०१७ साली कॅनडात तिरंग्याची पायपुसणी विक्रीला आली तेव्हा आपल्याला किती लागले, हे आठवावे. तिसरी, बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा पायातल्या, कमरेखालच्या किंवा फेकून द्यायच्या वस्तूवर छापली जाणार नाही. चौथी, ज्या खुणेसाठी खुलासा जोडावा लागतो ती सदऱ्यावर येणार नाही. तिची जागा पुस्तकात आणि व्याख्यानात आहे.

आता त्या चाळीस सदऱ्यांचा हिशेब. कापड आणि छपाई यांचा तोटा संस्थेने सोसला. भगिनींची मजुरी पूर्ण देण्यात आली, कारण चूक आमची होती, त्यांची नव्हती. त्या तरुणाने काम काढून घेतले नाही. नुसते धम्मचक्र आणि पिंपळपान असलेला नवा नमुना त्याने आपल्या शेजारणीला दाखविला. तिने विचारले, हे चाक कसले? त्याने सांगितले. तिने स्वतःसाठी एक सदरा मागितला आहे. तो आपल्या वर्गात या आठवड्यात शिवून होईल.

खोक्यातले सदरे आम्ही जाळणार नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी त्यांतला एक दाखविला जाईल आणि तो का विकला नाही, हे सांगितले जाईल.

 जयभीम! नमो बुद्धाय!