औषधाचे हमाल



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने कर्करोगाच्या औषधावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आम्ही सातवीनंतर शाळा सोडली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. पण आमच्या युनियनमधील एक फिटर या रोगाने अंथरुणाला खिळला, आणि त्याच्या उशाशी बसून आम्हांला हा विषय शिकावा लागला.

त्याच्या शिरेतून सोडीत ते औषध लालभडक असे. नाव डॉक्सोरुबिसिन. इटलीच्या दक्षिणेस कास्तेल देल मोन्ते नावाचा जुना किल्ला आहे. त्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जंतूच्या कुळातून ते निघाले. औषध गुणकारी खरे, पण त्याला आपपर कळत नाही. ते सर्वांगात हिंडते आणि गाठीबरोबर हृदयाच्या स्नायूवरही घाव घालते. म्हणून जन्मभरात ते किती द्यावे, याला मर्यादा आहे.

म्हणजे प्रश्न आला वाहतुकीचा. माल चांगला आहे, पण नेमक्या दारी पोचवावा कसा? हमालांची युनियन बांधलेल्या आम्हांला हा प्रश्न परका नाही.

उत्तर निसर्गापाशीच होते. शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते. अंड्याच्या बलकात असतो तो लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ पाण्यात घातला, की त्याच्या तशाच पिशव्या आपोआप बनतात, हे केंब्रिजजवळच्या बॅब्रहॅम संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले. या पिशव्यांना लायपोसोम म्हणतात. डॉक्सोरुबिसिन भरलेल्या अशा पिशवीला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यांतला एक म्हणजे नॅनोमीटर. ही पिशवी सुमारे शंभर नॅनोमीटरची. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची वीण घट्ट, तेथून ती सहसा बाहेर पडत नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईत बांधलेल्या, ठिकठिकाणी गळक्या. तेथे ती झिरपते.

आमच्या फिटरचे हृदय कुरकुरू लागले, तेव्हा डॉक्टरांनी हे पिशवीतले औषध सुरू केले. हृदय सावरले, पण तळहात लाल होऊन सोलले. या औषधाचा हा ठाऊक असलेला दोष आहे. तो आम्हांला म्हणाला, “दादा, काळीज वाचलं, पण आता पाना कशानं धरू?” ज्याचे पोट हातावर, त्याला हा लहान दोष नव्हे. डॉक्टरांनी डोस लांबविले, तेव्हा तळवे भरून आले.

संशोधन थांबलेले नाही. यकृत व प्लीहा यांतील पहारेकरी पेशी परक्या कणांना पकडतात. पण आपली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस निर्वेध फिरते. म्हणून २०११ साली सॅन डिएगोच्या शास्त्रज्ञांनी कृत्रिम कणांना तांबड्या पेशीचेच आवरण चढविले. युक्ती सुंदर, पण हुरळून जाऊ नये. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली दहा वर्षांचे प्रयोग तपासले. त्यांत टोचलेल्या शंभर कणांपैकी गाठीपर्यंत सरासरी एकही पुरा पोचत नव्हता, मध्यांक ०.७ टक्के!

आणखी एक वाट आहे. ती सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. २०११ साली एका कारखान्यातील उत्पादन अडले आणि अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात हे पिशवीतले औषध मिळेना. २०१२ साली तेथील सरकारने भारतात बनलेले औषध आणविले. म्हणजे ते येथे बनते, सातासमुद्रापार जाते. पण आमच्या फिटरसाठी आम्हांला पगाराच्या दिवशी फाटकापाशी झोळी धरावी लागली. कारण तो कंत्राटी, विम्याच्या यादीत त्याचे नावच नव्हते. बुडालेल्या खाड्यांची मजुरीही कोणी दिली नाही.

रक्तातून गाठीपर्यंतची वाट शास्त्रज्ञ शोधीत आहेत, ते शोधतील. कारखान्यातून रोग्याच्या खाटेपर्यंतची वाट मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत सापडणार नाही. ती तुम्हांआम्हांलाच बांधावी लागेल. आपल्या दुकानात, कारखान्यात, घरी राबणाऱ्या माणसाचे नाव विम्याच्या यादीत आहे काय, एवढे उद्या सकाळी विचारा. सुरुवात तेथून होईल.