आडनाव विचारणारी भाषा
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हांस 'धम्म आणि समाज' असा विषय दिला आहे. विषय मोठा, वेळ वीस मिनिटांचा, आणि भाषणानंतर खीरदान आहे हेही आम्ही विसरलेलो नाही. म्हणून त्यातला एकच कोपरा धरतो. माणूस दुसऱ्या माणसाला शब्दांवरून कसा तोलतो, एवढेच आज बोलू.

आपल्या घाटकोपर-मुलुंडकडे भाड्याची खोली शोधायला जा. दलाल आधी डिपॉझिटचे बोलत नाही. तो विचारतो, "नाव काय म्हणालात?" आपण नाव सांगतो. "तसं नाही, पूर्ण नाव?" आडनाव जाधव, गायकवाड, मोरे असे असले की त्याची पंचाईत होते, कारण ही आडनावे दोन्हीकडे आहेत. मग पुढचा प्रश्न येतो, "गाव कोणतं? व्हेज की नॉनव्हेज?" आणि शेवटी, "मालकाला विचारून कळवतो." आमच्या बाबतीत तो मालक अजून विचारच करतो आहे! जात हा शब्द कोणी तोंडातून काढला नाही, पण काम झाले.

कोणी म्हणेल, हे तुमच्या मनाचे खेळ. बरे, मग आकड्यांचे बोलू. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांची एक पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. त्यांनी खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश भरली, आणि मुसलमान नावाची तर एक-तृतीयांश. उमेदवार कोणी पाहिलाच नव्हता. तो काळा की गोरा, हुशार की मठ्ठ, काही ठाऊक नाही. कागदावरचे नाव वाचले आणि निकाल लागला.

हा निकाल माणूस एकटा लावत नाही, त्याची भाषा आधीच लावून ठेवते. 'गाव तेथे महारवाडा' ही म्हण आमच्या लहानपणी चांगली शिकली-सवरलेली माणसे सहज वापरत. अर्थ काय, तर चांगल्याबरोबर थोडे वाईट असायचेच. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असे नाही. पण ऐकणारे पोर शाळेच्या बाकावर बसलेले असते आणि त्याला कळते की आपले घर म्हणजे 'थोडे वाईट'. आणि 'सरकारी जावई' हा शब्द कोणी ऐकलेला नाही असा एक तरी माणूस या सभागृहात आहे काय? आमच्या ओळखीतल्या एका मुलीने दहावीला गणितात चांगले गुण पाडले, तर शेजारच्या काकू पेढा तोंडात टाकता टाकता म्हणाल्या, "हिला काय, कमी असते तरी चाललं असतं." पेढा आपला, आणि वर हा आहेर!

अशा शब्दांनी पोरांचे काय होते तेही तपासले गेले आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात सांगितली नव्हती तेव्हा दोन्हीकडची मुले बरोबरीने सोडवत होती. मग सर्वांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची सोडवलेली कोडी लगेच कमी झाली. मुले तीच, कोडीही त्याच जातीची. मध्ये फक्त एक शब्द उच्चारला गेला.

बाबासाहेबांना शब्दांची ही ताकद पुरती माहीत होती. 1927 च्या डिसेंबरात महाडला त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली आणि लुगडे नेसण्याची पद्धत, अंगावरचे दागिने, ज्यावरून दुरून जात ओळखू येते ते सगळे टाकून द्या असे सांगितले. अंगावरची खूण हीसुद्धा एक भाषाच. पुढे 1938 साली मुंबईच्या कायदेमंडळात लोकल बोर्डाच्या कायद्यातून आपल्या लोकांना 'हरिजन' हे नाव देण्याचे आले, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विचारले की आम्ही देवाची माणसे, तर बाकीचे काय राक्षसाची? बाबासाहेब आणि त्यांचा पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. शब्द गोड होता, पण तो आम्हांला न विचारता दिलेला होता.

आता आपले सरकारी नाव घ्या. योजनांच्या कागदावर अजून 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे छापून येते. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा झाली. घरात पणतू खेळू लागले आणि आम्ही अजून 'नव'च! लग्नाला सत्तर वर्षे होत आलेल्या बाईला कोणी नवी नवरी म्हणते काय?

डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण उपनगरात राहणाऱ्यांना पुढचेही ठाऊक आहे. रात्री स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला भीम नगर म्हणा, तो मान फिरवतो. जुन्या शब्दाचा वास नव्या शब्दाला लागायला फार दिवस लागत नाहीत.

आणि शब्दाने जीवही जातो, हे आपल्याला घाटकोपरात दुसऱ्या कोणी सांगायला नको. 11 जुलै 1997. माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, लोक हायवेवर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे गेली. दुसऱ्या दिवसापासून एकच शब्द ऐकू येऊ लागला, 'जमाव'. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळी चालवावी लागली, असे सांगण्यात आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि 2009 साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषीही धरले. त्याची शिक्षा नंतर उच्च न्यायालयात स्थगित झाली. पण आम्ही सांगतो ते त्या शब्दाबद्दल. जमाव म्हटले की त्याला आई नसते, हातात दुधाची पिशवी नसते. वस्ती झोपडपट्टीची, वरून निळे झेंडे, म्हणजे पेटवणारच, हे ऐकणाऱ्याच्या मनात आधीच लिहिलेले होते. टँकरची गोष्ट त्यामुळे खपली.

बोलीचेही तसेच. 'पानी', 'म्हनला', 'व्हतं' म्हटले की वर्गात खसखस पिकते. आमचे वडील गिरणीतून सुटून आले की पेपर मोठ्याने वाचत, पण शाळेत पालक सभेला आले की तोंड उघडत नसत, 'ण' चुकेल म्हणून. आम्ही तेव्हा मनातून सुटकेचा श्वास टाकायचो. आज ते आठवले की लाज वाटते, आणि ती त्यांच्या 'न'ची नव्हे. शांताबाई कांबळे यांनी आपल्या आत्मचरित्राचे नावच 'माज्या जल्माची चित्तरकथा' असे ठेवले. ज्या उच्चाराला लोक हसत होते तोच त्यांनी मुखपृष्ठावर घातला.

मज्झिम निकायात अरणविभंग नावाचे सुत्त आहे. त्यात भगवंत भांडण टाळण्याची वाट सांगतात आणि उदाहरण देतात साध्या भांड्याचे. त्याच वाडग्याला एका मुलखात पाती म्हणतात, दुसरीकडे पत्त, तिसरीकडे सराव, आणखी कुठे पोण. जिथे जो शब्द चालतो तो वापरावा, माझाच खरा म्हणून हट्ट धरू नये, असे त्यांचे सांगणे. अडीच हजार वर्षांपूर्वी 'शुद्ध-अशुद्ध'चा वाद असा एका वाडग्यावर मिटवला होता.

वसल सुत्तात तर त्यांनाच शिवी बसली. श्रावस्तीला भिक्षेला जाताना एका अग्निपूजक ब्राह्मणाने त्यांना दुरूनच 'वसल', म्हणजे नीच, म्हणून थांबवले. भगवंत रागावले नाहीत. वसल कोणाला म्हणतात हे तुला माहीत आहे काय, असे विचारले. ब्राह्मणाला सांगता आले नाही. मग त्यांनीच यादी दिली: रागीट, दावा धरणारा, घेतलेले कर्ज नाकारणारा, ऐपत असून म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा. जन्माचा त्यात पत्ता नाही.

ती यादी ऐकताना आपण मान डोलावतो, कारण ब्राह्मणाची फजिती झाली. आता आपली फजिती सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी विहाराचा अँप्लिफायर सापडेना. समितीची बैठक बसली. पाच मिनिटांत नाव निघाले, म्हणजे नाव नाहीच, 'तो भंगारवाला भैय्या'. रात्री इथेच घुटमळत होता, एकाने सांगितले. त्यांची जातच तशी, दुसरा म्हणाला. होय, या विहारात, त्या मूर्तीसमोर, हेच शब्द! आणि आम्ही खुर्चीत बसून होतो, गप्प. दोन तरुण त्याच्या दुकानावर गेले, गोणी उलट्या केल्या. तो म्हणत होता, "साहब, देख लो, देख लो." संध्याकाळी डेकोरेटरचा फोन आला. त्यांच्या सामानात आपला अँप्लिफायर चुकून गेला होता.

रात्री तो घुटमळत होता ते खरेच होते. खिरीच्या रांगेत सर्वांत शेवटी उभा होता.

आम्ही त्यानंतर वर्गणीचे जुने वही-रजिस्टर काढले. त्यात आपली नावे कशी आहेत? आयु. अमुक, आयुनि. तमुक, पूर्ण नाव, आडनावासह. आणि सहा वर्षे ओळीने प्रत्येक वर्षी एक नोंद: 'भंगारवाला, 51 रुपये'. तिसऱ्या वर्षीची नोंद आमच्याच अक्षरात आहे.

माफी मागायला आम्ही तिघे गेलो. त्याने चहा मागवला, विषय काढू दिला नाही. निघताना आम्ही पावती पुस्तक पुढे केले आणि नाव विचारले. त्याने पेन मागून घेतले आणि स्वतःच लिहिले. त्याची हिंदी आणि आपली मराठी, लिपी एकच. यंदाच्या स्मरणिकेतल्या देणगीदारांच्या यादीत ते नाव 'आयु.' लावून छापले आहे.

खीर तयार आहे, असा निरोप आला आहे.