झाडाला जमीन हवी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवात आम्ही आमच्याच चुकीपासून करणार आहोत. आपल्या वसाहतीच्या कोपऱ्यावरचे रेन ट्रीचे झाड आपणा सर्वांना आठवत असेल. भाजीवाल्या मावशी त्याच्याखाली बसत, शाळेची मुले बसची वाट पाहत उभी राहत. एके दिवशी त्याच्या खोडावर एक कागद चिकटवलेला दिसला. कुठल्यातरी क्लासची जाहिरात असेल असे समजून आम्ही पुढे गेलो. काही दिवसांनी करवत आली. झाड पडल्यावर अर्ज घेऊन आम्ही कार्यालयात गेलो, तेव्हा तेथील साहेबांनी शांतपणे विचारले, "नोटीस लावली होती, हरकत का घेतली नाही?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या कार्यकारिणीत वकील आहेत, शिक्षक आहेत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. पण तो कागद कोणीच वाचला नव्हता.

म्हणून कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. महाराष्ट्रात नागरी भागांसाठी झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ साली झाला. त्यानुसार महानगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असते. झाड खाजगी आवारातले असले तरी त्याच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. परवानगीपूर्वी वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस द्यावी लागते, नागरिकांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. हरकत घेण्यासाठी आपण जमिनीचे मालक असण्याची गरज नाही, हे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. या कायद्यात 'झाड तोडणे' याचा अर्थ केवळ करवत चालवणे नव्हे. जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यातच येते. दुकानाची पाटी दिसावी म्हणून बुंध्यात औषध ओतणाराही या कायद्याच्या कक्षेत आहे.

हरकतीने प्रत्येक झाड वाचते, असा आमचा भ्रम नाही. आरे वसाहतीतील मेट्रो कारशेडसाठी २,१८५ झाडे तोडण्यास २०१९ साली वृक्ष प्राधिकरणाने मंजुरी दिली, तेव्हा हजारो हरकती आल्या होत्या. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. मेट्रो नको असे आम्ही म्हणत नाही. आपल्यातलेच कितीतरी जण तिने कामावर जातात. पण झाडाचा निकाल त्याच्या खोडाशी लागत नाही. जमिनीचा वापर कशासाठी, हे कागदावर ज्या दिवशी ठरते, त्याच दिवशी तो बहुतेक लागलेला असतो.

आता नवीन झाडांचे पाहा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना 'प्राचीन वृक्ष' म्हणून वेगळे संरक्षण दिले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद केली. म्हणजे साठ वर्षांच्या झाडामागे साठ रोपे. हिशेब चांगला आहे. पण साठ रोपे लावायची कोठे? आपल्या वस्त्यांत दोन चाळींच्या मध्ये गटार, पाण्याचे पिंप आणि मोटारसायकली. बंगल्यांच्या भागात सावली आणि आपल्याकडे पत्रे तापलेले, हा फरक निसर्गाने केलेला नाही. तेथे मोकळी जमीन राखून आखणी झाली, येथे झाली नाही.

आणि ही जमीन कशी नाहीशी होते, हे पुनर्विकासाच्या नकाशात दिसते. तळमजल्यावर गाड्या, त्यावर पोडियम, आणि पोडियमवर कुंडीतली बाग. ही बाग 'मोकळी जागा' म्हणून मोजली जाई. मुंबईतील कोहिनूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितले की नियमातली किमान मनोरंजन जागा जमिनीवरच हवी. आमच्या मते आपल्या नातवंडांच्या सावलीसाठी एवढा उपयोगाचा निकाल दुसरा नाही. मात्र २०१८ साली मंजूर झालेल्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीने अशा जागेपैकी ६० टक्केच जमिनीवर बंधनकारक केली, आणि त्यातलीही निम्मीच प्रत्यक्ष मातीवर. शंभर चौरस मीटरमागे तीस चौरस मीटर माती! वडाची, चिंचेची मुळे स्लॅबखाली जात नाहीत. स्लॅबवर शोभेची झुडपे जगतात, त्यांच्याखाली कोणी मावशी भाजी घेऊन बसू शकत नाही.

आपल्या चाळींचा पुनर्विकास आज ना उद्या होणार. सभेत आम्ही सर्वजण एकच प्रश्न विचारतो, खोली किती फुटांची? तो विचारलाच पाहिजे, अर्धे आयुष्य दहा बाय बारात काढलेल्या माणसाने तो न विचारावा असे कोण म्हणेल! पण त्याच सभेत नकाशा मागून घ्यावा आणि माती कोठे राखली आहे, जुनी झाडे नकाशावर दाखवली आहेत का, हेही विचारावे. सहीपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला वजन असते.

आता थोडे कटू बोलतो. आपल्या विहारातील बोधिवृक्षाला कोणी हात लावणार नाही. परंतु गेल्या बुद्धपौर्णिमेपूर्वी आपणच त्याच्या बुंध्यापर्यंत लाद्या बसवल्या. चिखल होतो म्हणून, श्रद्धेने, वर्गणी काढून. दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिला होता. आपल्याला तर आदेशाचीही गरज पडू नये. त्या लाद्यांच्या वर्गणीत आमचेही नाव आहे, म्हणून हे बोलण्याचा अधिकार घेतो.

कार्यकारिणीने ठरवले आहे की येत्या रविवारी सकाळी सात वाजता विहाराच्या अंगणात जमायचे. प्रथम बुंध्याभोवतीच्या लाद्या काढू. पहार आणि घमेली संस्थेची आहेत. त्यानंतर विद्यार्थ्यांनी तीन-तीनच्या गटाने वसाहतीतील प्रत्येक झाडाची नोंद करायची आहे: नाव, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर, आणि जवळच्या चाळीचा क्रमांक. झाड किती जुने, हे वयस्कर मंडळींनी सांगावे. वही संस्थेच्या कार्यालयात राहील. खोडावर कागद दिसला तर तो तेथेच ठेवून त्यावरची तारीख त्याच दिवशी या वहीत लिहावी. कार्यालय संध्याकाळी सहा ते आठ उघडे असते.