जुन्या सायकलीला विजेची जोड

इ. स. १८८८ मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. पुढें १९१० सालीं त्यांच्या कारखान्याभोंवतीं किर्लोस्करवाडी वसली, ती आजच्या सांगली जिल्ह्यांत. या मुलखांतील कारखानदारीच्या मुळाशीं सायकल आहे, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं. त्याच जिल्ह्यांतील विश्रामबागेंत आज पुष्कळ घरीं जिन्याखालीं एखादी काळी सायकल धूळ खात उभी असते. सायकल धड असते. धनी मात्र थकलेला असतो.

अशा एका धन्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. हे गृहस्थ निवृत्त कारकून. घर विलिंग्डन महाविद्यालयाच्या बाजूस, आणि थोरले बंधू मिरजेस अंथरुणाला खिळलेले. सायंकाळीं त्यांच्याजवळ घटकाभर बसावयाचें, वर्तमानपत्र वाचून दाखवावयाचें, हा परिपाठ. जाऊन येऊन दहाबारा किलोमीटर. रस्ता बहुतेक सपाट. परंतु पावसाळ्यांत परततांना पश्चिमेचा वारा समोरून येई आणि गुडघे बोलूं लागत. रिक्षाचें रोजचें भाडें पेन्शनीस झेपेना, आणि मुलाला 'मला पोंचव' म्हणणें जिवावर येई. जाणें दिवसाआड झालें, मग आठवड्यावर आलें. म्हातारपणीं भावाभावांत अंतर पडतें, तें पुष्कळदां असें रस्त्याचेंच असतें.

सायकलीला मोटार बसवावयाचें ठरलें. दुकानदार म्हणाला, "अण्णा, मोठी मोटार बसवा, वाऱ्यासारखी पळेल." सल्ला ऐकावयास गोड, पण खिशास जड. सपाट रस्त्यावर ताशीं पंधरासोळा किलोमीटर वेगानें सायकल चालविण्यास साठसत्तर वॅट शक्ति पुरते. म्हणजे २५० वॅटची मोटार एकटीच तीन माणसांचें काम करूं शकते. शिवाय मोटार २५० वॅटच्या, वेग ताशीं २५ किलोमीटरच्या आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या मर्यादेंत असेल, तर अशा वाहनास नोंदणी लागत नाहीं व चालविणाऱ्यास परवाना लागत नाहीं. मर्यादा ओलांडली कीं तीच सायकल कायद्याच्या दृष्टीनें मोटारगाडी होते. गृहस्थांनीं लहान मोटार पसंत केली आणि वांचलेला पैसा बॅटरीकडे वळविला. यांतच त्यांचें शहाणपण होतें. कारण विजेच्या सायकलींत खरी किंमत मोजावी लागते ती बॅटरीची, आणि आधीं संपते तीही बॅटरीच.

तिचा हिशेब सोपा आहे. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास यांचा गुणाकार ३६० वॅट-तास. पायांची साथ दिली तर किलोमीटरला दहा वॅट-तासांच्या आसपास वीज लागते. निवळ मोटारीवर बसून राहिल्यास पंधराही लागते. म्हणजे मिरजेच्या एका खेपेस बॅटरीचा तिसरा हिस्सा खर्च होतो. चार्जरमधील तूट धरूनही महिन्याची वीज चारपांच युनिट. युनिटास १० रुपये धरले तरी ५० रुपयांच्या आंत.

शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त खऱ्या. परंतु ३६ व्होल्टसाठीं तीन जोडाव्या लागतात, त्यांचें वजन दहाबारा किलो भरतें, आणि रोजच्या वापरांत त्या लौकर थकतात. लिथियमची बॅटरी त्या मानानें पुष्कळच हलकी. तिच्यांतही लोह-फॉस्फेटची जात थोडी अवजड, पण दीर्घायुषी व उष्णतेस अधिक सोशिक. सांगलीचा उन्हाळा पाहतां तीच बरी. मात्र निरनिराळ्या जातींचे चार्जर दिसावयास सारखे असले तरी त्यांचा दाब निराळा असतो. शेजाऱ्याचा चार्जर एका रात्रीपुरता मागून आणणें म्हणजे घरांत आग मागून आणण्यासारखें आहे.

जोडणीच्या वेळीं अडचण आली ती चाकाची. बाजारांत तयार मिळणारें मोटारीचें चाक पुष्कळदां २६ इंची असतें, आणि जुनी काळी सायकल २८ इंची. तेव्हां मोटार मूळच्या रिमेंत नवे आरे घालून बांधून घ्यावी लागली. हें काम यंत्रशाळेच्या पदवीधराचें नव्हे, चाक बांधण्यांत हात बसलेल्या सायकलवाल्याचें. मोटारीच्या जोरानें आंसच उलटा फिरूं पाहतो. तो फिरूं नये म्हणून पोलादी पट्टी सांगाड्याशीं जखडावी लागते. ती नसली तर आंस खांचेंतून सुटून तारा पिळवटतो, आणि चाकही निखळूं शकतें.

इतकें सारें झालें, पण ब्रेक जुनेच राहिले. पहिल्याच पावसांत चौकांत समोर मूल आलें. सळईचे ब्रेक ओल्या रिमेवरून नुसते घसरले आणि सायकल मुलापासून हातभर अंतरावर थांबली. दुसऱ्या दिवशीं नवे ब्रेक आले, व मूठ दाबतांच मोटारीची वीज तोडणारी कळही आली. वस्तुतः मोटारीच्या आधीं घ्यावयाची ती हीच वस्तु.

निगा फारशी नाहीं. पहिल्या महिन्यांत आरे ढिले होतात, ते आंवळून घ्यावे. आंसाचे नट आठवड्याला पान्यानें तपासावे. साखळीस तेल द्यावें. उन्हांतून आल्या आल्या बॅटरी चार्जरला लावूं नये, तासभर निवूं द्यावी. चार्जिंग दिवसां, कोणी जागें असतां, आणि बाहेर पडण्याच्या वाटेंत नव्हे. महिनाभर गांवीं जावयाचें असेल तर बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी. धुतांना पाण्याचा जोरदार फवारा मोटारीवर मारूं नये; ओलें फडकें पुरे.

आतां ते गृहस्थ पुन्हां रोज मिरजेस जातात. जातांना पायडल मारतात. येतांना वारा असला तर मोटारीस सांगतात.

सांगलीकरांस एक गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. २००५, २०१९ व २०२१ या सालीं कृष्णेचें पाणी वस्तींत शिरलें. सायकल बुडाली तरी मोटार उघडून, सुकवून, बेअरिंग बदलून बहुधा पुन्हां चालते. बुडालेली लिथियमची बॅटरी मात्र कोरडी दिसली तरी चार्जरला लावूं नये, घरांतही ठेवूं नये. आंतील ओल कांहीं दिवसांनींही पेट घेऊं शकते. ती उघड्यावर, भिंतीपासून दूर ठेवावी आणि जाणत्याच्या स्वाधीन करावी. नदीची पातळी वाढूं लागली कीं, कागदपत्रांबरोबर सायकलीवरची बॅटरीही काढून माडीवर न्यावी.