क्रीडागुरूंचा धाक आणि माया

खेळ शिकविणारा गुरु कडक असावा कीं मवाळ, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यांतील पालकांस केवळ गप्पांचा राहिलेला नाहीं. मुलगा क्रिकेटच्या शिबिरासाठीं नागपुरास पाठवावयाचा झाला म्हणजे आईच्या मनांत पहिली शंका येते ती हीच. सुदैवानें याचा एक चांगला दाखला विदर्भाच्याच संघांत सांपडतो.

हा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकाच्या सामन्यांत उतरत होता. परंतु साठ वर्षांत अंतिम सामना त्यानें पाहिला नव्हता. २०१७ सालीं मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. शिस्तीच्या बाबतींत त्यांचा लौकिक मोठा करडा. त्याच हंगामांत कर्नाटकाविरुद्धचा उपांत्य सामना अवघ्या ५ धावांनीं जिंकून संघ इंदुरास पोहोंचला. तेथें रजनीश गुरबाणीनें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं दिल्लीचा ९ गडी राखून पराभव झाला. पुढील वर्षींहि करंडक विदर्भाकडेच राहिला. हरण्याची संवय जडलेल्या संघास धाकाचा उपयोग होतो, हें यावरून मान्य करावें लागतें. मात्र त्या संघांत वसीम जाफरसारखा मुरलेला फलंदाज व फैज फजलसारखा धावांच्या राशी ओतणारा कर्णधार होता. नुसते डोळे वटारून करंडक हातीं येत नसतात.

हेच पंडित पुढें कोलकात्याच्या व्यावसायिक संघाकडे गेले, तेव्हां निराळाच सूर उमटला. जग फिरून आलेल्या प्रौढ खेळाडूंस कसें वागावें, कोणते कपडे घालावे हें सतत सांगितलेलें रुचत नाहीं, असें डेव्हिड वीझ या परदेशी खेळाडूनें २०२४ सालीं बोलून दाखविलें. गंमत अशी कीं, त्याच वर्षीं तो संघ अजिंक्य ठरला!

पंडितांचे गुरु रमाकांत आचरेकर. शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना पाहण्याच्या नादांत सचिन तेंडुलकरानें आपला ठरलेला सामना बुडविला, तेव्हां आचरेकरांनीं त्याच्या गालावर अशी चपराक दिली कीं, हातांतला डबा उडाला. ही चपराक आपल्याकडे फार कौतुकानें सांगितली जाते. पण हेच गुरु त्या मुलास स्कूटरवर मागें बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, आणि दिवस कलतांना यष्टीवर रुपयाचें नाणें ठेवून, बाद न झाल्यास तें त्यालाच देत, हें सांगावयाचें मात्र राहून जातें. ज्यांच्यापाशीं स्कूटरची तयारी नाहीं, असे कित्येक शिक्षक चपराक तेवढी उचलतात. शाळेंत मुलावर हात उगारण्यास २००९ च्या कायद्यानें मनाई आहे. मैदान शाळेच्या भिंतीबाहेर असलें म्हणून मुलाचा गाल कांहीं बदलत नाहीं.

त्याच तेंडुलकरास इंदुरास वासू परांजपे भेटले. दादर युनियनचे हे जुने कर्णधार. गावसकरांस ‘सनी’ हें नांव त्यांनींच दिलें. मुलें दोन-तीन दिवस अखंड खेळत आहेत, त्यांस आवरा, अशी तक्रार तेथील रखवालदारानें केली. मुलें खेळणारच, त्यापेक्षां तूंच त्यांच्यासाठीं क्षेत्ररक्षण कर, असें परांजप्यांनीं त्यालाच सुनावलें. एकाच मुलाला दोन्ही औषधें मिळालीं, आणि दोन्ही लागू पडलीं.

अमेरिकेंतील फुटबॉल हा तर अंगावर धडका घेण्याचा खेळ. तेथें विन्स लोम्बार्डी या अतिकठोर गुरूनें १९६१ ते १९६७ या सात हंगामांत पांच अजिंक्यपदें मिळविलीं. करंडकास आज त्यांचेंच नांव आहे. ४ फेब्रुवारी २००७ रोजीं तोच करंडक टोनी डंजी या मृदुभाषी प्रशिक्षकानें उचलला. पराभूत संघाचे लव्ही स्मिथ हे पूर्वीं त्यांचेच साहाय्यक, आणि स्वभावानें तितकेच सौम्य.

आचरेकरांच्या कडकपणाची किंमत काय होती, तें १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं वानखेडे मैदानावर कळलें. निरोप घेतांना चाळीस वर्षांचे तेंडुलकर हजारों लोकांसमोर म्हणाले कीं, आपण गाफील होऊं या भीतीनें एकोणतीस वर्षांत सरांनीं ‘छान खेळलास’ असें एकदांहि म्हटलें नाहीं. आतां पुढें सामनेच उरलेले नाहींत, तेव्हां आतां म्हणावयास हरकत नसावी.