गेलेले पैसे आणायला जाऊ नका

आजचा विषय गटाच्या बैठकीत सहसा निघत नाही, कारण तो घरातच झाकून ठेवला जातो. मोबाईलवर पैसे लावून खेळायचे पत्ते. रमी, तीन पत्ती आणि पोकर. कुणाचा मुलगा खेळतो, कुणाचा नवरा, कुणाचा दीर. दुपारची कामं उरकल्यावर खेळणाऱ्या बायाही आहेत. त्यांनीही हे मोकळ्या मनानं ऐकावं.

लाखांनी बुडालेल्या माणसांच्या बातम्या आपण ऐकतो. पण त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात लहानच झालेली असते. आधी पाचशे जातात, मग हजार. म्हणून आज मी बोलणार आहे ते ज्यांचे नुकतेच थोडे पैसे गेलेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी. कारण थांबायला सगळ्यात स्वस्त वेळ हीच आहे.

आधी पैसे जातात कसे ते समजून घेऊ. पोकर हा आपल्या तीन पत्तीच्या जातीतलाच डाव. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडे मांडायचे, आणि बोली वाढवत जायची. नव्या माणसाला वाटतं, समोरच्या पाच जणांना हरवलं की झालं. पण सहा जणांच्या त्या डावात सातवा वाटेकरी बसलेला असतो, तो म्हणजे खेळ चालवणारी कंपनी. ती डावातल्या रकमेतून आपला हिस्सा कापून घेते.

हिशोब करून पाहू. समजा सहा जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. एकूण सहा हजार. एका डावात तीनशे रुपये जमतात आणि शंभरामागे पाच रुपये कापले जातात. म्हणजे डावाला पंधरा रुपये. मोबाईलवर पत्ते पिसायला वेळ लागत नाही. शंभर डाव झाले की दीड हजार रुपये कंपनीकडे गेले. कुणी लबाडी केली नाही, तरी सहा हजारांचे साडेचार हजार उरले. आता त्या उरलेल्यासाठी सहा जण भांडणार. त्यात वर्षानुवर्षं खेळणारे मुरलेले असतात आणि आपला मुलगा आठ दिवसांचा. पैसे कुणाकडून कुणाकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग पहिल्या दिवशी तो जिंकला कसा? सुरुवातीला कंपनी बोनस देते, त्यामुळे आपल्या खिशातून जातंय असं वाटत नाही. आणि पत्त्यांत नशिबानं नवखाही दोन-चार डाव मारतो. ते दोन-चार डाव लक्षात राहतात, हरलेले चाळीस विसरतात. रमीत एका पानानं डाव हुकला की वाटतं, आता जमायलाच लागलंय. हुकलेला डाव म्हणजे हरलेलाच डाव, हे मन मानत नाही.

खरा घात होतो तो ‘गेलेले तेवढे काढतो आणि बंद करतो’ या वाक्यात. पाचशे गेले, ते काढायला हजार लावले. तेही गेले, मग दोन हजार. मग चार हजार. असे चार डाव ओळीनं हरले की साडेसात हजार गेले. आणि चौथा डाव जिंकला असता तरी हातात किती राहिले असते? सगळा तोटा भरून फक्त पाचशे. पाचशेसाठी साडेसात हजारांचा जुगार!

आपण शेतकरी घरातल्या बाया. पेरणी वाया गेली तर दुबार पेरणी करतो. पण त्या बियाण्याखाली आपली जमीन असते आणि वर पावसाची आशा असते. मोबाईलच्या डावाखाली जमीन नाही. तिथे दुबार, तिबार पेरलं तरी उगवतं ते दुसऱ्याच्याच वावरात.

आता कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांबद्दल कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, मग खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, म्हणून भीतीनं गप्प बसू नका.

या कायद्यानंतर नावाजलेल्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. त्यामुळे आज व्हॉट्सअॅपवर किंवा टेलिग्रामवर लिंक पाठवून कुणी खेळायला बोलावत असेल, तर तो चोरून चालवलेला धंदा समजा. तिथे समोर माणूस खेळतोय की मशीन, तेही कळत नाही. आणि ‘जिंकलेले पैसे काढायचे तर आधी कर भरा, फी भरा’ असं सांगितलं तर एक रुपयाही भरू नका. ती सरळ फसवणूक आहे. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा नंबर आणि मेसेज पुसू नका.

घरात कुणाचे पैसे गेलेत असं कळलं, तर काय करायचं?

पहिलं, हिशोब कागदावर घ्या. पासबुक भरून आणा. एका बाजूला खेळात घातलेले पैसे, दुसऱ्या बाजूला परत आलेले. गटाच्या वहीत लिहितो तसं. तोंडी हिशोबात तोटा नेहमी कमी निघतो. जो आकडा येईल, त्याखाली रेघ मारा. तो खर्च झाला. तो परत आणायचा नाही.

दुसरं, वाट बंद करा. खात्यात शिल्लक दिसत असेल तर काही न भरता काढता येते का पाहा, मग ॲप काढून टाका. फोनमध्ये ऑटोपे चालू असेल तर रद्द करा. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या. बँक सखीला विचारा, ती मदत करेल.

तिसरं, उसनवारी शोधा. मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपमधून पैसे घेतलेत का, हे शांतपणे विचारा. काही ॲप फोनमधले नंबर आणि फोटो घेतात आणि वसुलीसाठी बदनामीची धमकी देतात. धमकी देणं हा गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलिसांत होते. देणं असेल ते एका कागदावर मांडा आणि जास्त व्याजाचं आधी फेडा. पैसे हातात देऊ नका, देणेकऱ्यालाच थेट द्या.

चौथं, गटाचं कर्ज यात घालू नका आणि गुपचूप मंगळसूत्र गहाण ठेवू नका. बाईनं एकदा झाकून भरलं की खेळणाऱ्याला वाटतं, पुढच्या वेळीही भरलं जाईल.

पाचवं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बोला, पण चारचौघांत पाणउतारा करू नका. लाजेनं माणूस लपून खेळतो आणि लपून खेळणारा जास्त हरतो. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, ‘मी नसलेलाच बरा’ असं तोंडून आलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली मानसचा फोन चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. घरच्या माणसानंही तिथे फोन केला तर चालतो.

आणि खेळणारी तूच असशील, बाई, तर हे सगळं तुझ्यासाठीही आहे. ज्या मैत्रिणीवर विश्वास आहे, तिला आज गेलेला आकडा सांग. सांगितल्यावर तो डोक्यातून कागदावर येतो, आणि पुढचा डाव लावायचा हात थोडा थांबतो.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं हा विषय काढा. कुणाचं नाव घेऊ नका. फक्त तो साडेसात हजारांचा हिशोब फळ्यावर मांडा आणि १९३० व १४४१६ हे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.